आरोपीच्या आईला दिलेला लाडू

खुनाचा खटला चालू असताना मी आरोपीच्या आईला मुगाचा लाडू खाऊ घातला. त्याच खटल्यात माझी बायको न्यायाधीशांच्या शेजारी बसत होती.

ती तिथे कशी पोहोचली ते आधी सांगतो. जर्मनीत शॉफे म्हणून एक प्रकार असतो. तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं न्यायाधीशांबरोबर त्याच टेबलामागे बसतात. कायद्याची पदवी नसते, पण निकालात त्यांचं मत न्यायाधीशाच्या मताइतकंच मोजलं जातं. जर्मन पासपोर्ट मिळाल्यावर मी काय केलं, तर विमानतळावर छोट्या रांगेत उभा राहिलो आणि खूश झालो. बायकोने नगरपालिकेत जाऊन शॉफिन, म्हणजे बाई शॉफे, व्हायला नाव दिलं. आमच्या दोघांतला फरक एवढ्यावरून कळावा.

तिच्या वाट्याला आलेला खटला आमच्या सगळ्या रेगेन्सबर्ग गावाच्या तोंडी होता. एका तरुणावर मित्राला मारल्याचा आरोप होता, आणि मुख्य पुरावा म्हणजे त्याच्या गाडीचं दार त्या रात्री कधी उघडलं याची गाडीतच राहिलेली नोंद. उलट शेजारीण सांगत होती की त्या वेळी तो घरातच होता. बेकरीच्या रांगेत, मराठी मंडळाच्या ग्रुपवर, आमच्या कॅन्टीनमध्ये, जिकडेतिकडे दोन तट पडले होते. आणि मी तर पोटापाण्यासाठी गाड्यांच्या दारांच्या इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करतो. गाड्यांमधली घड्याळं कशी भरकटतात हे सांगायला माझी जीभ वळवळत होती.

पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, "या विषयावर घरात एक शब्द नाही. कोर्टात मांडलं जाईल तेवढंच मी ऐकणार. तू साक्षीदार नाहीस."

"पण मी तज्ज्ञ आहे."

"तू नवरा आहेस. डबा कर."

म्हणून मी डबे करायला लागलो. तारखेच्या दिवशी ती संध्याकाळी घरी यायची आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात बसायची. मी चहा ठेवायचो. कप दोन्ही हातांत धरून ती नुसती बसून राहायची, आणि मी माझी घड्याळं गिळून गप्प बसायचो. एकदा ती तशीच मुलीच्या खोलीत गेली आणि अभ्यास करणाऱ्या पोरीच्या केसांवरून हात फिरवत उभी राहिली. "मामा, वास इस्ट?" मुलीने विचारलं, म्हणजे आई, काय झालं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच.

"काही नाही गं," बायको म्हणाली. "कर तुझं."

एका तारखेला ती डबा विसरली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सायकलवरून कोर्ट गाठलं. दारावरच्या शिपायाने स्टीलचा डबा तपासणीच्या यंत्रात घातला, मग उघडून वास घेतला. "खायचं आहे?" "गेनाऊ," अगदी बरोबर, मी म्हणालो. त्याने सोडलं.

वरच्या मजल्यावर बाकावर बसून मी मधल्या सुट्टीची वाट बघत होतो. शेजारी एक पिकल्या केसांची बाई होती. पर्स मांडीवर घट्ट धरून आवाज न करता रडत होती. आता रडणाऱ्या माणसाशेजारी भरलेला डबा घेऊन आपल्याला गप्प बसता येतं का? मी झाकण काढलं आणि लाडू पुढे केला.

"यात शेंगदाणे, बदाम वगैरे आहेत का?" तिने डोळे पुसत विचारलं. रडतानाही जर्मन माणूस हे विचारतोच. मी नाही म्हटलं. हाताखाली हात धरून, चुरा सांडू न देता, तिने अख्खा लाडू संपवला. मग माझं मनगट धरून म्हणाली, "माझ्या मुलालाही गोड फार आवडतं."

मला वाटलं, मुलगा खाली गाडी लावत असेल.

तेवढ्यात दार उघडून बायको बाहेर आली. मी उठलो आणि तोच डबा तिच्या हातात दिला. वर हसत सांगितलं, "एक लाडू कमी आहे हं, या काकूंना दिला." तिने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच आत गेली. आत जाऊन तिने सगळं मुख्य न्यायाधीशांना स्वतःच सांगितलं.

तरी व्हायचं ते झालंच. मारल्या गेलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या वकिलाने अर्ज केला: ही शॉफिन निःपक्षपाती राहिलेली नाही, तिला काढा. वर्तमानपत्रात बातमी आली. पुराव्यावर भांडणारं गाव आता लाडवावर भांडू लागलं. राखीव शॉफे आजारपणामुळे आधीच खटल्यातून बाहेर पडला होता. बायकोला काढलं असतं तर खटला पहिल्यापासून सुरू झाला असता. तेच साक्षीदार, तेच फोटो, दोन्ही घरांना पुन्हा.

"ती कोण आहे हे मला माहीत नव्हतं," त्या संध्याकाळी मी म्हणालो.

"माहितीये मला."

"रडत होती गं ती."

"समोरच्या बाकावर अजून एक बाई होती," बायको हळू आवाजात म्हणाली. "गेलेल्या मुलाची आई. ती रडत नव्हती. तिने हे सगळं बसून पाहिलं."

मी खूप आठवून पाहिलं. मला समोर बाक होता हेसुद्धा आठवेना.

भर कोर्टात बायकोला खुलासा द्यावा लागला. मी शेवटच्या रांगेत होतो. ती म्हणाली, खटल्याबद्दल मी घरी काही बोललेले नाही आणि नवऱ्याला बोलू दिलेलं नाही. तो पोस्टमनला खाऊ घालतो, चिमणी साफ करायला येणाऱ्याला खाऊ घालतो. त्याला माणूस दिसला की भूक दिसते. ती दुसरी आई तेव्हा वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फार दमलेलं माणूस बघतं तसं.

दुपारी अर्ज फेटाळला गेला. बायको तिच्या जागी राहिली.

संध्याकाळी ती आली तेव्हा मी लाडू वळत होतो.

"हे आता कोणासाठी?"

"त्या दुसऱ्या आईसाठी. आत्ता नाही. निकाल लागल्यावर, तू मोकळी झालीस की."

ती कोटासकट माझ्या शेजारी बसली. डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. एक लाडू उचलून तोंडात टाकला आणि तो कडक गोळा बराच वेळ चावत राहिली.

"सकाळी न्यायाधीशांना यातला एक चाखायला दिला असतास ना," ती म्हणाली, "तर अर्ज तिथल्या तिथे फेटाळला असता. याला मेहेरबानी कोणीच म्हणणार नाही."