दंडामागचा चट्टा

दादासो कोकरे राष्ट्रीय सेवा योजनेत गेला तो दहा गुणांसाठी. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. बारामतीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, इंग्रजीचा पेपर दर वेळी त्याचा घात करायचा, आणि सेवा योजनेचे दहा गुण पदरात पडले की आपण सुटलो, असं त्याचं मत होतं. घर सुप्याजवळच्या वाडीवर. आज्याच्या काळी दारात मेंढरं होती. वडिलांनी, गेणबांनी, ती विकून बाजरी-ज्वारी धरली. त्या घरातून कॉलेजला गेलेला दादासो पहिलाच. अंगानं धिप्पाड आणि जिथं बसेल तिथं हशा पिकवणारा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत शिबिर सणसरला लागलं. त्या वर्षी सरकारनं घरोघर फिरून कुष्ठरोगी शोधायची मोहीम काढली होती आणि मुलांनी त्यात मदत करायची होती. पहिल्याच सकाळी शाळेच्या पटांगणात शिकवायला आले श्रीपती रणदिवे. सरकारी दवाखान्यातले कुष्ठरोग तंत्रज्ञ, वीस वर्षं याच कामात मुरलेले. त्यांनी सांगितलं, अंगावर फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचे, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं, आणि टेकलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर तो चट्टा बधिर. आता दोघादोघांनी एकमेकांवर करून बघा.

दादासोची जोडी अनुप मखरेशी. अनुप इंदापूरच्या शिक्षकाचा मुलगा, वसतिगृहात त्याच्याच खोलीत राहणारा. दादासोनं सदरा काढला, डोळे मिटले. मनगटावर पेन टेकलं, त्यानं बोट ठेवलं. पाठीवर टेकलं, ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही.

"लाव की लेका. झोपलास काय?" दादासो म्हणाला.

भोवतालची मुलं हसली; दादासो सोंग काढतोय असंच त्यांना वाटलं. दादासोनं डोळे उघडले तेव्हा अनुपचा चेहरा उतरला होता.

"तीनदा लावलं, दाद्या. तिसऱ्यांदा दाबून लावलं."

उजव्या दंडाच्या मागं, स्वतःला कधी न दिसणाऱ्या जागी, रुपयाएवढा फिकट चट्टा होता. रणदिवे आले, त्यांनी तो पुन्हा तपासला. कमरेवर तसलाच दुसरा सापडला. मग कोपराच्या आतली शीर त्यांनी बोटानं चाचपली आणि दादासोला बाजूला, चिंचेखाली नेलं. दोन चट्टे आहेत, सहा महिने गोळ्या, पूर्ण बरा होशील, पहिल्या डोसानंतर दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही उरत नाही, असं त्यांनी सांगितलं. दादासोला ऐकू येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच शब्द होता, महारोग. गेल्या दिवाळीत गुऱ्हाळावर त्याला दंडामागं भाजलं होतं. फोड आल्याचं आईनं दाखवलं तेव्हा कळलं. केव्हा भाजलं ते आठवेना म्हणून घरात सगळे हसले होते. तोही हसला होता.

पहिल्या गोळ्या त्यानं रणदिव्यांसमोरच घेतल्या. गोळ्यांनी लघवी लाल होईल असं त्यांनी आधी बजावलं असूनही दुपारी ती लालभडक झालेली बघून तो हबकला. आणि शाळेतल्या मुक्कामाच्या खोलीत परतला तर अनुपची वळकटी जागेवर नव्हती. तो कुणाला न सांगता इंदापूरच्या एस.टी.त बसला होता. दादासो भिंतीला टेकून बसून राहिला. आपला हात कुणाच्या अन्नाला लागायला नको म्हणून त्या दिवशी त्यानं शिबिराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रणदिव्यांनी त्याला आपल्याबरोबर घेतलं. उसाच्या कडेला एक मोठं घर होतं. घरात पाच माणसं असल्याचं थोरल्या मुलानं सांगितलं, पाचही तपासून झाली. इतक्यात एक सून झाकलेलं ताट घेऊन उसामागं जाताना दादासोला दिसली. तो मागं गेला. पाचटाच्या खोपटात साठीची एक बाई बसली होती. सून ताट दगडावर ठेवून, तोंड फिरवून निघून गेली. दादासोनं रणदिव्यांना हाक मारली.

बाईचं नाव भागूबाई, त्या घरातल्या मुलांची आई. तिनं हात पदराखाली घेतले ते काही केल्या बाहेर काढीना. रणदिव्यांनी समजावलं, तरी नाहीच. काय सुचलं कुणास ठाऊक, दादासोनं सदरा काढला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"मला बी हाय, मावशी."

भागूबाईनं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुज्या घरी म्हाईत हाय?"

"न्हाय."

"मग आदी तितं सांग. आन् मग मला गोळ्या खायला सांगाय ये."

तिनं हात बाहेर काढले. बोटं आत वळून तळव्याशी आखडून बसली होती. परतताना रणदिवे हळूच म्हणाले, तुझी कोपराची शीर आत्ताच जाड व्हायला लागली आहे. आणखी दोन-तीन वर्षं कळलं नसतं, तर हेच. दादासोनं स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

त्याच दुपारी तो बारामतीवरून सुप्याला गेला. आई, म्हाळसा, ज्वारी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. आईचा हात सुपातच राहिला. गेणबा उंबऱ्यावर बसले होते.

"शिबिराला गेला नसतास तर कळलं नसतं," गेणबा म्हणाले.

हा दोष की दिलासा, हे दादासोला समजेना. मग गेणबा उठले, आत गेले, स्वच्छ धोतर नेसून आले आणि म्हणाले, "चल. त्या डाक्टरास्नी मला भेटीव."

त्या संध्याकाळी पुढची एस.टी. मिळाली नाही, म्हणून बाप-लेक दुसऱ्या दिवशी सणसरला आले. पोरगा बरा होईल ना, हेच गेणबांनी रणदिव्यांना चार वेळा विचारलं आणि चौथ्यांदा त्यांचा विश्वास बसला. शाळेच्या पायरीवर अनुप बसला होता. त्यानं खाली मान घालून कबूल केलं, की तो घाबरून पळाला, आईकडून सगळं अंग तपासून घेतलं, आणि मग लाज वाटली. दादासोला राग यायला हवा होता. पण आपल्या जागी अनुप असता तर आपणही पळालो असतो, हे त्याला लख्ख दिसलं, आणि त्यानं तो हादरला. कोणती आळी तपासायची राहिली आहे, एवढंच अनुपनं विचारलं. दोघं निघाले.

सहा महिन्यांनी गोळ्या थांबल्या. दंडामागची जागा बधिर राहिली ती राहिलीच. बोटं मात्र धड राहिली. पदवीनंतर दादासो रणदिव्यांच्या हाताखाली इंदापूर तालुक्यात पाहणीच्या कामाला लागला. तो घरी सांगून आला म्हणून भागूबाईनं गोळ्या सुरू केल्या होत्या; त्या तो दर महिन्याला स्वतः नेऊन देई. तिचा कोर्स संपला, तिच्यापासून लागण होण्याची भीती उरली नाही, तरी मुलांनी तिला घरात घेतलं नाही. हे दादासोला आजारापेक्षा भयंकर वाटलं. तो तीनदा जाऊन थोरल्याशी बोलला, तिन्ही वेळा तो नुसता हं म्हणाला. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात धाकट्या सुनेच्या मुलीचं बारसं होतं. त्या दिवशी ती सून, ताट ठेवून तोंड फिरवणारी तीच, स्वतः खोपटाशी गेली आणि म्हातारीला हाताला धरून मांडवात घेऊन आली.