एक तुमचा, एक माहा

कोणी प्रश्न विचारला की ती दोन बोटं वर करायची. एक समोरच्याकडे दाखवायची, एक स्वतःकडे. "एक तुमचा, एक माहा." उत्तर दिलं की पहिलं बोट मिटायचं. दुसरं तसंच उभं राहायचं, समोरच्याच्या उत्तरापर्यंत.

पिंपळगाव राजाच्या शिवारात लहान कास्तकारांचा एक गट आहे. त्यांनी रासायनिक फवारणी न करता कापूस पिकवायचा, परदेशी कंपनीनं तो बाजारापेक्षा थोडा जास्त भाव देऊन घ्यायचा आणि कपड्यावर 'रास्त व्यापार' अशी चिठ्ठी लावायची, असा करार. करार टिकवायचा तर पाहुण्यांना उत्तरं द्यावी लागतात. तपासनीस येतात, अभ्यासक येतात, फोटोवाले येतात. मी खामगावचा बातमीदार म्हणून गेलो होतो. तुमच्याही गावात असे पाहुणे आले असतील, तर उत्तरं देणाऱ्यांचे चेहरे तुम्ही पाहिले असतील. हीही त्याच गटातली कास्तकारीण, पण हिचा चेहरा तसा नव्हता.

मी विचारलं, यंदा पीक कसं? ती म्हणाली, "बोंडअळीनं खाल्लं, त्यातून उरलं ते बरं हाये. आता माहा. तुम्ही लिहिता थे छापून येते, का कोणी कापते?"

"कधी कधी कापतात," मी म्हणालो.

"मंग तुमच्यातबी अळी हाये म्हणा."

पुण्याची एक मुलगी संशोधनासाठी गावात राहायला आली होती. छोटे शेतकरी आणि रास्त व्यापार हा तिचा विषय. तिनं विचारलं, घरात निर्णय कोण घेतं? बोट मिटलं. "मी. नवरा होता तवा दोघं. आता माहा. तुमच्या घरी कोण घेते?"

मुलगी म्हणाली, "बाबा."

"लग्नाचाबी?"

"तोही."

"मंग आधी माहं नीट लिहून घे माय. वडलाईले वाचून दाखवजो."

त्या दिवसापासून मुलगी तिच्याबरोबर वेचणीला जाऊ लागली. पोटाशी लुगड्याची ओटी बांधून तीत कापूस टाकायला शिकली. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी तिची बोटं सोलली, तेव्हा बाईनं खोबरेल लावून दिलं आणि काही विचारलं नाही.

मग कंपनीच्या जाहिरातीसाठी फोटोवाले आले. पहिल्या वेचणीला इकडे काही घरांत सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, झाडांना कापसाचं सूत गुंडाळतात. फोटोवाल्यांना तेच हवं होतं, आणि हिच्याकडूनच, कारण चेहरा चांगला येत होता. हिच्या घरावर पंचशीलाचा झेंडा. ती म्हणाली, "आमच्या घरी नाई करत. तुमच्या फोटोसाठी मी देव आणू का घरात?" ते शेजारणीकडे गेले. तिच्या घरी सीतादही होत असे. तिनंही मान हलवली. "आमच्या वावरात येचणी कुठं सुरू झाली अजून? कॅमेरा आला म्हणून सीतादही नसते होत, बापा." फोटोवाले बैलाचा फोटो काढून गेले.

गटाचा पर्यवेक्षक त्या दोन बोटंवाल्या बाईला काकू म्हणायचा आणि तिला भ्यायचा. कंपनीचा मोठा पाहुणा येणार ठरलं, तेव्हा त्यानं घरी जाऊन बजावलं, "काकू, उद्या फक्त त्यायचा. तुमचा नाई." ती म्हणाली, "मंग मले बलावू नका." पण पाहुण्याला तीच भेटायला हवी होती.

सभा निंबाखाली झाली. मी मागच्या रांगेत होतो, मुलगीही होती. पर्यवेक्षक दुभाषा. पाहुण्यानं विचारलं, आमच्यामुळे तुमचं जगणं सुधारलं का?

"हाव. फवारणीनं हातपायाची आग व्हायची, थे बंद झाली. हे खरं हाये." बोट मिटलं. "आता माहा. भाव ठरला तवा त्या खोलीत कापूस येचणारी एक तरी बाई होती का?"

पर्यवेक्षकानं इंग्रजीत सांगितलं की बाई प्रवास सुखाचा झाला का विचारतेय. पाहुणा छातीवर हात ठेवून छान हसला.

ती पाहुण्याकडे पाहत राहिली. मग पर्यवेक्षकाला म्हणाली, "काऊन रे, माहा सवाल बदलला?"

"नाई काकू, तोच सांगितला."

"मंग थो हासला काऊन? अशा सवालावर कोणी हासत नाई." ती मुलीकडे वळली. "पोरी, तू सांग."

मुलीनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. पाहुण्याचं हसू गेलं. तो एकच अक्षर बोलला, "नो." त्याला दुभाष्याची गरज पडली नाही.

दुसरं बोट मिटलं. "झालं. आता तुमचा." पाहुणा उठून गाडीकडे गेला.

आठवडाभरात गटाची बैठक झाली. करार मोडला तर सगळ्यांचा कापूस पडून राहील, तेव्हा तिनं माफी मागावी, नाहीतर गटानं तिचा माल घेऊ नये, असं ठरलं. बाकीच्यांची भीती खोटी नव्हती. तिलाही ते माहीत होतं. तरी म्हणाली, "सवालाची माफी नसते. पयले जवाब द्या." त्या हंगामात तिचा कापूस गटाच्या काट्यावर चढला नाही. तिनं तो खामगावच्या बाजारात आणला आणि कमी भावानं विकला. मी तिथे होतो. पस्तावा होतो का, विचारलं. "नाई. इथं भाव करणारा समोर तरी दिसते." एवढं म्हणून तिनं बोट माझ्याकडे केलं. "आता माहा. जेवले का?"

करार मोडला नाही. उन्हाळ्यात ती गेली. शेतातून आली, ओसरीवर टेकली आणि उठली नाही.

पुढच्या हंगामात तोच पाहुणा, तेच निंबाचं झाड, तोच दुभाषा. मुलगी पुण्याला परतली होती. बाई बसायची ती पुढची जागा कोणी घेतली नव्हती. पाहुण्यानं बायकांना विचारलं, यंदा कसं आहे? शेजारीण उठली. "पाणी कमी, माल बरा." मग तिनं दोन बोटं वर केली आणि एक मिटलं.

"आता आमचा. थोच हाये. यंदा खोलीत कोण होतं?"

पर्यवेक्षक पाहुण्याजवळ वाकला. मग हळू आवाजात इंग्रजीत बोलला. मागे बसल्यामुळे मला ऐकू आलं नाही. पाहुण्याचा चेहरा मात्र दिसत होता. तो हसला नाही. भाषांतर बरोबर झालं होतं.