रापणीवरचे भांडण आणि तिसरे प्रकरण

माझ्यावर निघणार होता त्या गौरवग्रंथातले तिसरे प्रकरण खोटे आहे. चुकीचे नव्हे, अपुरे नव्हे, खोटे. ते ज्याने लिहिले तो एके काळी माझा सहायक होता. आज तो पुण्यातल्या एका प्रशिक्षण संस्थेचा संचालक आहे आणि तिथल्या नव्या अभ्यासक्रमाला माझे नाव देण्याचे त्याने परस्पर ठरवले होते. अभ्यासक्रमाचा विषय, संस्थांमधली सहमती. ज्याने सारी हयात सहमतीशी वैर धरण्यात घालवली, त्याच्या नावाची पाटी लावून सहमती शिकवली जाणार होती! एवढ्यासाठी माझी सही हवी होती. ती मी दिली नाही. का दिली नाही, याविषयी पुण्यात ज्या कहाण्या फिरत आहेत त्याही खोट्या असल्यामुळे हे लिहितो आहे.

माझा विषय सांगायला सोपा आहे. मोठ्या संस्थेतल्या पुष्कळ माणसांना पुष्कळ काही कळत असते, तरी संस्था म्हणून ती सगळी मिळून मूर्खासारखी वागतात. असे का होते? या विद्येला ज्ञानव्यवस्थापन म्हणतात. हा शब्द मला कधीच रुचला नाही. त्याला गोदामाचा वास येतो. पण पोट त्याच्यावरच भरले. कारखाने, रुग्णालये, बंदरे मी पालथी घातली. बहुतेक ठिकाणी मला दुसऱ्यांदा बोलावले नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

तिसऱ्या प्रकरणात असे म्हटले आहे की, मालवणच्या किनाऱ्यावर बालपणी रापण पाहताना, शेकडो हात एका मनाने एक दोर ओढताना पाहून, मला सहमतीचे तत्त्व गवसले. सोबत मावळत्या सूर्याचे छायाचित्र. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून येते आणि मग वाळूवर उभी असलेली माणसे दोन्ही टोकांचे दोर ओढतात. दोर ओढताना एकमत असते हे खरे. जाळे पडल्यावर दुसरे करणार काय? ते टाकायचे की नाही, कुठे आणि केव्हा, हे ठरताना काय होते ते पाहायला त्या लेखकाने कधी चप्पल काढून वाळूत पाय ठेवलेला नाही.

खरी हकीकत अशी. मी चाळिशीत असताना एका सल्लागार संस्थेने किनाऱ्यावरच्या जुन्या मच्छीमारांचे ज्ञान संगणकात साठवण्याचे काम घेतले. मी याच किनाऱ्यावरचा, गावच्या शाळामास्तरांचा मुलगा, म्हणून मला पाठवले. मी काय केले? मालवणजवळच्या देवबागेत मच्छीमार सोसायटीची खोली मागून घेतली, टेबल मांडले, ध्वनिमुद्रक ठेवला आणि चाळीस प्रश्नांचा तक्ता घेऊन एकेकाला आत बोलावले. रापणीचा प्रमुख, ज्याला तांडेल म्हणतात, तो पहिला आला. इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून. मी शुद्ध मराठीत विचारले, "मासळीचा थवा आला आहे हे आपण कसे ओळखता?"

"अनुभवाने, सर."

त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच सांगितले. अनुभवाने. निरीक्षणाने. वाडवडिलांच्या शिकवणीने. आठ दिवसांत माझा जाडजूड अहवाल तयार झाला.

परतायच्या सकाळी मी किनाऱ्यावर उभा होतो. तांडेल आणि त्याची माणसे पाण्याकडे पाहत होती, आणि समोर तारली मासळीचा थवा आहे की नाही यावरून भांडण पेटले.

"तारली आसा ती! पानी काळा दिसता, डोळे फुटले काय रे तुझे?"

"मेल्या, तारली खंयची? ओढीन गाळ वर इलो हा. पोराचो डोळो बरो तुझ्यापेक्षा!"

गाळ म्हणणाराच पुढे ओरडला, "गेल्या खेपेक पण तू 'तारली तारली' असाच बोललस, आणि जाळ्यात काय इला? शेवाळ!"

"त्या खेपेक दोर सोडलो कोणी? तुझ्या भावान!"

मग भावाला राग आला. त्याने पक्षी कुठे बसले आहेत ते दाखवून दोघांनाही आंधळे ठरवले. चौथा म्हणाला, मासळी असो वा नसो, आज पाण्याची ओढ दक्षिणेला आहे, जाळे खडपावर, पाण्याखालच्या खडकावर, जाऊन फाटेल. एकमेकांच्या आयांचा उद्धार झाला. आणि मग, कोणीही 'ठरले' असे न म्हणता, होडी पाण्यात गेली; आधी उभी होती त्या जागेवरून नव्हे, बरीच उत्तरेकडून. मी तांडेलाला विचारले, निर्णय कोणी घेतला? तो म्हणाला, "खंयचो निर्णय? भांडलो आणि गेलो."

त्या क्षणी माझा अहवाल मेला. जे ज्ञान मी शोधत होतो ते त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हते. ते त्यांच्या भांडणात होते. एकाला पाणी दिसत होते, दुसऱ्याला गेल्या खेपेची चूक, तिसऱ्याला पक्षी, चौथ्याला खडप. आणि चौघांना एकमेकांवर ओरडल्याशिवाय त्यातले काही आठवतही नसे. मी त्यांना वेगवेगळे करून, पंख्याखाली बसवून, नेमके तेच काढून टाकले होते.

आता माझ्याविरुद्धची गोष्ट मीच सांगतो, कारण ती सांगण्याइतके धैर्य माझ्या गौरवकर्त्यांत नाही. तो मेलेला अहवाल मी तसाच सादर केला. त्याची वाहवा झाली, मला बढती मिळाली. पुढे वीस वर्षे मी त्या पोकळ अहवालाच्या कीर्तीवर कारखान्यांत शिरलो आणि आत गेल्यावर त्याच्या उलट वागलो. सूचनापेट्या उतरवल्या, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांना यंत्रापाशी उभे करून तोंडावर भांडायला लावले.

इतिवृत्त लिहायला माझा हा सहायक असे. एका रसायन कारखान्यात एक जुना फिटर तरुण अभियंत्यावर अर्धा तास ओरडला की, ही झडप पावसाळ्यात उलटी वागते. सहायकाने लिहिले, "चर्चेअंती सर्वांचे एकमत झाले." पुढच्या पावसाळ्यात झडप उलटी वागली. तोवर फिटर निवृत्त झाला होता आणि कागदावर त्याच्या ओरडण्याचा मागमूस नव्हता. विभाग कित्येक दिवस बंद राहिला. मी सहायकाला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "सर, कागदावर भांडण बरे दिसत नाही." हाच मनुष्य पुढे माझे चरित्र लिहायला बसला.

गेल्या महिन्यात तो आंबोलीच्या घाटातून गाडी घेऊन माझ्याकडे गावी आला. पिशवीत प्रकरण, परवानगीपत्र आणि पेढे.

"सर, लोकांना प्रेरणा लागते. भांडणातून कोणाला प्रेरणा मिळते?"

"मला मिळाली."

"पण याला पुरावा काय? तुमच्या अहवालात भांडणाचा एक शब्द नाही. मी वाचला आहे."

बरोबर वर्मावर बोट ठेवले. मी म्हणालो, साक्षीदार जिवंत आहे, चल.

तांडेल आता पंच्याऐंशीच्या पुढे गेला आहे. देवबागेत नातवाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. त्यांच्या पडवीत तो खुर्ची टाकून बसतो आणि पाहुण्यांना पाण्यावरून फिरवणाऱ्या बोटींना शिव्या देतो. सहायकाने मोबाइल पुढे धरून, अदबीने, पुण्याच्या मराठीत विचारले, "आजोबा, रापणीचे निर्णय आपण कसे घेत होता?"

तांडेलाने सदऱ्याचे बटण लावले, ताठ बसला आणि म्हणाला, "एकमताने, साहेब."

सहायकाने माझ्याकडे असे पाहिले की, पेढे त्याच्याच घशात कोंबावेत असे मला वाटले.

"खोटा बोलतास, तांडेल!" मी ओरडलो. "एकमत? तुमी? त्या दिवशी एकमेकांच्या नरड्यार बसलास तां मी या डोळ्यांनी बघलंय!"

"तू बघलस?" म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. बटण सुटले. "रे मास्तराच्या झिला, तू काय बघतलस! आठ दिवस खोलीत बसान माका पंख्याचो वारो घालीत होतस. आदल्या सांजेक तुझ्या दारात येऊन कोण बोललो, 'फाल्या सकाळी रापणीर ये, कागद घरात ठेव'? मी! माका कीव इली तुझी. नायतर तू गेलो असतस तसोच परत, अनुभव अनुभव करीत!"

"कोणी बोलावक नाय माका. मी आपणहून इल्लंय."

"आपणहून! तुझो बापूस पण असोच. शिकवणार दुसरो, आणि नाव ह्येचा!"

आम्ही बराच वेळ भांडलो. नातू बाहेर येऊन पाहून गेला. आणि त्या भांडणात मला ठाऊक नसलेले बरेच बाहेर पडले. त्या दिवशी खडपाचा इशारा देणारा चौथा माणूस या रापणीच्या गटातला नव्हताच. तो दुसऱ्या रापणीचा होता, यांचा उघड वैरी, आणि तरी यांनी त्याचे ऐकले होते. तीस वर्षे मी जे शिकवले त्यातला हा सर्वांत मोलाचा भाग मला कधी कळलाच नव्हता. कारण मीही एकदा पाहून, समजले असे मानून, गावाकडे पाठ फिरवली होती.

सहायकाने यातले काही टिपले नाही. मोबाइल त्याने 'एकमताने'पाशीच बंद केला होता. परतताना तो नम्रपणे म्हणाला, "सर, आता तर दोन हकीकती झाल्या. वाचकाचा गोंधळ होईल. आपण एकच ठेवू."

मी त्याला सांगितले, दोन्ही ठेव, अहवालाची लबाडी ठेव, फिटरचे ओरडणे ठेव, आणि त्याखाली तुला पटत नाही असे तू लिही. मग सही करतो. तो म्हणाला, असे पुस्तक संस्था काढणार नाही. मग काढू नका, मी म्हणालो. परवानगीपत्र कोरेच परत गेले. ग्रंथ रद्द झाल्याचे पत्र आठवड्याने आले. अभ्यासक्रमाला आता दुसऱ्या कोणाचे नाव लाभले आहे. वयामुळे माझा तोल गेला, असे संस्थेत सांगितले जाते. तोल माझा शाबूत आहे.

राहता राहिला तांडेल. त्याने मला आदल्या संध्याकाळी बोलावले होते, हे मला आठवत नाही आणि मान्यही नाही. पण त्याचे म्हणणे मी वर त्याच्याच शब्दांत ठेवले आहे. ते तिथून काढण्याचा अधिकार मी कोणाला दिलेला नाही, स्वतःलाही नाही.