शांत फ्लॅट विकणे आहे

आमचा फ्लॅट विकला गेला नाही, याला माझ्या मेहुण्याचा चमनगोटा जबाबदार नाही. पण आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, नामदेवच्या गोट्याची गोष्ट निघतेच. सगळे हसतात आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसतो. आता वय झालं. खरं काय ते लिहून ठेवतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जालन्याच्या भरबाजारात आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट. एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर आणि उरलेल्या जागेत आवाज! खाली रहीमभाईंची पिठाची गिरणी, समोर सोपानचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान (दिवसभर ठोकाठोक), शेजारी कॅसेटवाला (त्याला एकच गाणं आवडायचं). माझ्या बायकोचं, सुमनचं, डोकं रोज दुखायचं. कपाळाला फडकं आवळून ती पडून राहायची. गावाबाहेर तिनं एक अंगणवालं घर हेरलं होतं. तुळस कुठं लावायची तेही ठरलं होतं. तो घरमालक म्हणाला, "रविवारपर्यंत थांबतो." म्हणजे तोवर आमचा फ्लॅट विकला जायला हवा होता.

मी चित्रकलेचा शिक्षक. पाटी मीच रंगवली, 'भरबाजारात शांत फ्लॅट विकणे आहे.' अक्षर इतकं देखणं की लोक थांबून वाचायचे. मग पोट धरून हसायचे!

तीर्थपुरीचे एक पाटील मात्र हसले नाहीत. मुलगा कॉलेजला येणार, त्याला अभ्यासाला शांत जागा हवी होती. रविवारी सकाळी येतो म्हणाले. मी शनिवारीच गल्लीत फिरलो.

"रहीमभाई, उद्या सकाळी तेवढी गिरणी..."

"बंद! सर, माज्या पोराला तुमी हत्ती काढाया शिकवला. एक घंटा कायको, दुपारपर्यंत बंद!"

सोपान म्हणाला, "हातोडीला हात लावला तर नाव बदला, सर. पण गिऱ्हाईक आलं तर मंग?"

"शटर अर्धं ओढून घ्या." (ही अक्कल माझी. नोंद असावी.)

रविवार उजाडला आणि गल्ली मुकी झाली! घरातलं घड्याळ टिकटिक करतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. एका ड्रॉइंग मास्तरच्या शब्दावर अख्खा बाजार गप्प बसला होता! माझी छाती अशी फुगली की बनियन तोकडं पडलं.

सुमनचा धाकटा भाऊ नामदेव आदल्या दिवशी हसनाबादहून आला होता. उन्हाने डोक्यात गळवं झाली म्हणून चमनगोटा करून! त्याला मी जिन्यापाशी उभं केलं.

"पाटील आले की वर पाठव. पण तोंडातून शब्द काढायचा न्हाई. बिलकुल!"

"बराबर, दाजी."

तेवढ्यात गच्चीवरची टाकी वाहू लागली. (आता टाकीसुद्धा ऐकू येत होती!) मी बनियनवरच वर पळालो आणि अडकलेल्या कॉकशी झटत बसलो.

खाली पाटील सपत्नीक आले. पाहतात तो शटरं अर्धी ओढलेली, दुकानदार पायऱ्यांवर गुपचूप बसलेले, जिन्यापाशी गोटा केलेला जवान माणूस, मुका. आपल्याकडं याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल! पाटलांनी टोपी काढली, नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुस्कारा सोडला. अशा वेळी काही विचारायचं नसतं. नामदेवचे डोळे भरून आले. त्याच्या गळवांची इतक्या मायेनं कुणी दखल घेतली नव्हती!

पाटलीणबाई वर गेल्या. सुमन कपाळाला फडकं बांधून पडलेली. त्यांनी मिठीच मारली. "अगं माय माझे! कसं झालं गं हे!"

सुमनला वाटलं, माहेरचं कुणी गेलं. तिनंही हंबरडा फोडला. एरवी तो स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू गेला नसता. त्या दिवशी बाजाराच्या टोकापर्यंत गेला!

मी गच्चीवरून उतरलो तर दारात ही गर्दी! सगळे आत तोंड करून. आत सुमन रडताना दिसत होती, मी कुठंच दिसत नव्हतो. सगळ्यांच्या मागं सोपान डोळे पुसत उभा होता.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"आपले सर गेले वो," तो मागं न बघता म्हणाला. "चित्रकलेचे."

"देवमाणूस!" पुढून रहीमभाई. "हत्ती असा काढायचे की आत्ता चालंल!"

"अक्षर म्हंजे मोती!" आणखी कुणीतरी.

इथं मी बोलायला हवं होतं. आत बायको रडत होती, मला ऐकू येत होतं. पण अजून कुणी काही म्हणतं का, म्हणून मी थांबलो! माझं खरं पाप ते हे.

कॅसेटवाला म्हणाला, "त्या पाटीचं सोडलं, तर माणूस खोटं कधी बोलला न्हाई."

हे मात्र मला सोसलं नाही. "पाटीत काय खोटं होतं?" मी ओरडलो.

सोपान वळला आणि मटकन खाली बसला.

उलगडा झाल्यावर सुमनला राग काढायला कुणीतरी हवंच होतं. "मेल्या नाम्या, आजच गोटा करून यायचं सुचलं तुला!"

"तर काय!" मी म्हणालो. आणि दोष नामदेवच्या डोक्यावर बसला तो बसलाच.

मी जिवंत निघाल्याच्या आनंदात रहीमभाईंनी गिरणी चालू केली, सोपानने हातोडी उचलली, कॅसेटवाल्याने तेच गाणं लावलं. चहाचा कप धरून पाटील काहीतरी विचारत होते. मला ऐकू आलं नाही. उत्तर न घेताच ते उठले.

"अंगण गेलं तुझं," संध्याकाळी मी सुमनला म्हणालो.

ती कपाळाचं फडकं सोडत म्हणाली, "जाऊ द्या. तिथं मी रडले असते, तर तुळशीबिगर कोण धावून आलं असतं?"

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. नामदेव अजूनही जालन्याला येताना भर उन्हाळ्यात टोपी घालून येतो. बाबा रे, माफ कर. गोटा तुझा होता, अक्कल माझी.

आता एकच काळजी आहे. तेव्हापासून गल्ली कधी चुकून शांत झाली, की खालून हाक येते, "सर, फ्लॅट विकायला काढला का?" उद्या मी खरोखर गेलो, तर शटरं खाली येतील, सगळीकडं सामसूम होईल आणि वर एकही माणूस येणार नाही. म्हणतील, "गप बसा रे, सरांकडं गिऱ्हाईक आलंय!"