वहिनीनं मागितलेला दुसरा डाव

स्नूकरच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या टोकाला निळा खडू घासला, की त्याच्या कोरड्या वासासरशी मला मानवतचा स्नूकर क्लब आठवतो. बाजारातल्या सरकीच्या दुकानावरच्या माडीवर एकच टेबल होतं. देशातला अव्वल मानांकित खेळाडू लग्नासाठी गावात आला होता, आणि त्या दुपारी तो चक्क आमच्या टेबलाशी उभा! समोर माझी वहिनी, माझ्या भावाबरोबर खेळून तयार झालेली. पहिल्या डावात शेवटी फक्त काळा चेंडू उरला. पाहुण्याचा सोपा फटका हुकला. वहिनीनं पदर खोचून तो चेंडू अलगद पॉकेटमध्ये घातला आणि डाव जिंकला. माडी दणाणली, पण वहिनी हसली नाही. "दादा, तुमी मुद्दाम हुकवलंत. आता खरं खेळा!" तो चमकला, मग त्यानं बाह्या सरसावल्या. दुसऱ्या डावात वहिनीनं पहिला फटका मारून चेंडू फोडले आणि पुन्हा तिची पाळीच आली नाही. लाल, काळा, लाल, परत मांडलेला काळा... हाक मारल्यासारखे चेंडू पॉकेटकडे धावत होते. टेबल रिकामं झालं, तशी वहिनीनंच पहिली टाळी वाजवली. "लय भारी! ह्याला म्हणायचं खेळ!" हरलेली वहिनी आनंदानं लालबुंद झाली होती. आता मीही स्पर्धा खेळते. समोरची हात राखून खेळायला लागली, की तिला तसंच दटावावंसं वाटतं.