शिपायाचे सहा सेकंद

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण परवा डांबरगोळ्यांचा वास आला आणि आमच्या कॉलेजातलं मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कपाट आठवलं. त्यातली शाईच्या डागांची चित्रं गायब झाली होती आणि माझा संशय सीमेवरच्या मैंदर्गी गावाहून येणाऱ्या हंगामी शिपायावर होता. मी त्याला समोर बसवलं आणि स्टॉपवॉच लावलं. मी एकेक शब्द म्हणायचा, त्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. उत्तर जिथं अडेल तिथं मन काहीतरी दडवतंय, असं मी वर्गात शिकवत असे. 'कपाट' म्हटल्यावर तो सहा सेकंद गप्प बसला. "सर, डोक्यात आधी कन्नड येतंय, मग मराठी हुडकावं लागतंय की," तो म्हणाला. "बहाणे नकोत," मी म्हणालो, आणि प्राचार्यांना सांगून त्याची नोकरी घालवली. पुढं जुळे सोलापूर भागात घर बदलताना ती चित्रं माझ्याच ट्रंकेत निघाली. मीच ती घरी आणून विसरलो होतो. विसरण्यामागंही मनाचा डाव असतो, हेही मीच शिकवायचो. कन्नडमधली माफी घोकत मी मैंदर्गीला गेलो. "काय काम काढलं सर?" त्यानं चहा पुढं करत विचारलं. मी बराच वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, "काही नाही, सहज आलो होतो."