दोन हजार पाचची बोर्दो

ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या ज्या गोदामात मृणालिनी काम करते, तिथे बारा महिने चौदा डिग्री असतात. बाहेर ट्रकांची घरघर, आणि दाराआड मंद पिवळ्या उजेडात हजारो बाटल्या आडव्या निजलेल्या. शहरातले हौशी लोक आपल्या चांगल्या वाइन तिथे सांभाळायला ठेवतात. बाटलीतली पातळी उतरली का, बूच ओलं झालं का हे बघायचं, आणि कुणी विचारलं तर ‘आता उघडा’ किंवा ‘अजून थांबा’ असं सांगायचं, हे तिचं काम. पुण्याहून फूड टेक्नॉलॉजी शिकायला आलेली मुलगी. माहेरी दारूचं नाव काढायची सोय नव्हती. पण नाक असं, की फ्लॅट बुश या उपनगरात आमच्या शेजारी राहायला आली त्याच आठवड्यात कुंपणापलीकडून मला म्हणाली, “ताई, तुमच्या हिंगाचा वास उडालाय. डबा बदला.”

२०१० साली, ती तिथे नवीन असताना, कॉलिन नावाचा जहाजावरचा निवृत्त इंजिनिअर बारा बाटल्यांची लाकडी पेटी घेऊन आला. फ्रान्समधल्या बोर्दोची रेड वाइन, २००५ सालची. त्या वर्षी तिकडे पाऊस फार कमी झाला होता. द्राक्षं बारीक राहिली, सालं जाड झाली, आणि वाइन झाली ती गडद, ताठ, लांब पल्ल्याची. कॉलिनने एक बाटली तिथेच उघडली आणि एक ग्लास तिच्यापुढे सरकवला.

रंग जांभळ्या शाईसारखा. वास पिकलेल्या करवंदांचा. आणि घोट घेतला तर कच्च्या केळ्याचं साल चावल्यासारखी जीभ कोरडी पडली.

“आवडली?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही. पण दम आहे हिच्यात. आपण थांबू.”

तो ‘आपण’ म्हणाला, हे तिच्या लक्षात राहिलं. त्यानंतर दर वर्षा-दीड वर्षाने तो यायचा, एक बाटली उघडायचा आणि तिला बोलवायचा. २०१४ मध्ये त्या वाइनने तोंडच उघडलं नाही. ना फळ, ना गंध.

“बिघडली का हो?” मृणालिनीने विचारलं.

“झोपलीय. या वाइन मधली काही वर्षं दार लावून बसतात. उठवायला जायचं नाही.”

मधल्या काळात तिचं रमणशी लग्न झालं, श्रिया झाली, घर झालं. मोटरवेवरून रोज जाता-येता वर्षं कशी गेली, तिला सांगता येत नाही. २०१९ मध्ये बाटली उघडली तेव्हा वाइन जागी झालेली होती. तंबाखूची सुकी पानं, नवं कपाट उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास, आणि त्याखाली ते फळ, आता मुरलेलं.

२०२२च्या मार्चमध्ये तिला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. एकदा ती गॅसपाशीच उभी होती आणि श्रियाने बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगितलं, “मम्मा, द मिल्क इज बर्निंग.” गोदामात साहेबांनी समजून घेतलं आणि तिला बाटल्यांच्या याद्यांचं काम दिलं. ती आपली खाली मान घालून कॉम्प्युटरवर बसायची. निजलेल्या बाटल्यांच्या रांगांकडे जायचीच नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात कॉलिन आला, तो पांढरी काठी टेकत. ऐंशीचा झाला होता. डोळ्यांत मधोमध काळोख साठला होता, कडेकडेचंच तेवढं दिसायचं. ऑकलंडचं घर सोडून तो दीड तासावरच्या हॅमिल्टनमध्ये, रोटोटुनाला मुलीकडे राहायला चालला होता. दोन बाटल्या उरल्या होत्या.

त्याने सांगितल्यावर तिने एक उघडली आणि गाळ मागे राहील अशा बेताने हळूहळू काचेच्या सुरईत ओतली. मग म्हणाली, “कॉलिन, मला वास येत नाही. वर्ष झालं.”

“मला रंग दिसत नाही,” तो म्हणाला. “तू बघ. मी सांगतो.”

तिने ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला. “मधे डाळिंबाचा रंग. कडेला विटेचा.”

“कड किती रुंद?”

“नखाएवढी.”

त्याने नाक ग्लासात घातलं आणि डोळे मिटले. “पेन्सिलला टोक करताना येतो तो वास. सुकलेलं अंजीर. झाडाखालची ओली पानं. सिगारचा रिकामा डबा.”

एकेक शब्दाला ती थांबत गेली. पेन्सिलीचा वास आठवला, अंजिराचा आठवला. मग तिने घोट घेतला. आंबट-कडू जिभेला कळत होतं, आणि तो जुना तुरटपणाही.

“तुरटपणा मऊ झालाय,” ती म्हणाली. “जुन्या सुती साडीसारखा.”

“ती कशी असते, मला माहीत नाही.”

“खूप वेळा धुतलेल्या रुमालासारखा.”

“बरोबर,” कॉलिन म्हणाला.

दुपारभर ते तिथेच बसले. बाहेर फोर्कलिफ्ट ये-जा करत होती. सुरईतली वाइन दर अर्ध्या तासाला थोडी बदलायची आणि तो तिला सांगायचा, काय बदललं ते.

त्यानंतर काही महिन्यांनी तिला वास येऊ लागला, पण वेडावाकडा. कॉफीला जळक्या रबराचा, साबणाला कांद्याचा. नाकाला पुन्हा वळण लागावं म्हणून ती न कंटाळता रोज सकाळी लवंग, लिंबू, निलगिरी हुंगत राहिली. गेल्या वर्षी मे महिन्यात कॉलिनचा फोन आला, “शेवटची घेऊन ये.” श्रियाला घेऊन ती निघाली. हॅमिल्टनच्या अलीकडे इतकं दाट धुकं होतं, की शेतांतल्या गाई हवेत तरंगताहेत असं वाटत होतं.

कॉलिनच्या मुलीने खिडकीशी खुर्च्या मांडल्या होत्या. मृणालिनीने ग्लास नाकाशी धरला. बराच वेळ काहीच नाही. मग फार लांबून आल्यासारखी ओली पानं आली, आणि गेली.

“आलं काही?” कॉलिनने विचारलं.

“पानांचा आला. पण खिडकी उघडी आहे. बागेतूनही आला असेल.”

“असेल,” तो म्हणाला आणि त्याने ग्लास पुन्हा उचलला.

परतताना श्रियाने विचारलं, “वॉज इट नाइस, मम्मा?”

“हो. खूप शांत होती.”

“हाउ कॅन वाइन बी शांत?”

मृणालिनीने गाडीची काच खाली केली आणि दोघी थंड हवेत तशाच बोलत-बोलत घरी आल्या.